झाडांच्या निगेचं शिक्षण घ्यायचंय? फॉर्म भरण्याआधी एवढं करा

मृगाचा पहिला वादळी पाऊस पडतो, इंदूरच्या कुठल्या तरी कॉलनीत गुलमोहर कुणाच्या गाडीवर आडवा होतो आणि त्याच आठवड्यात मला दोन-तीन पालकांचे फोन येतात. "मुलाला झाडांची फार आवड. अ‍ॅग्रीकल्चरला टाकलंय. बरोबर केलं ना?" टाकलंय म्हणजे फॉर्म भरून झालेला असतो, फी गेलेली असते आणि माझ्याकडून फक्त 'हो' ऐकायचं असतं.

झाडांची छाटणी आणि तपासणी हे माझं रोजचं काम. मला बहुतेक वेळा 'हो' म्हणता येत नाही, कारण गडबड क्रमात झालेली असते. आधी परीक्षा ठरते, मग कॉलेज, मग पदवी आणि शेवटी कधी तरी "पण याला करायचंय काय?" हा प्रश्न येतो. खालच्या पायऱ्या उलट्या क्रमाने आहेत. अकरावीच्या उन्हाळ्यात सुरुवात केली तर आरामात होतं, बारावीच्या दिवाळीत केली तर धावपळ होते पण जमतं.

१. आधी काम ठरवा

"झाडांचं काम" या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळे धंदे आहेत.

एक, दोरावर चढून छाटणी करणारा. दोन, उभ्या झाडाची तपासणी करून ते ठेवायचं, छाटायचं की काढायचं हे लिहून देणारा. तीन, रोपवाटिका, लागवड आणि बागेची आखणी करणारा. चार, रोग-किडींचा अभ्यास करणारा. पाच, वन विभागातला अधिकारी.

पहिल्या दोघांचं काम म्हणजे खरी वृक्षनिगा. तिसऱ्याचा रस्ता उद्यानविद्येतून जातो, चौथ्याचा एमएस्सी-पीएचडीतून आणि पाचव्याचा स्पर्धा परीक्षेतून. इथे सगळ्यात मोठी फसगत होते ती वनशास्त्र आणि वृक्षनिगा एकच समजण्यात. वनशास्त्रात हजार झाडांचा एकत्र विचार असतो, म्हणजे विरळणी कधी करायची, लाकूड किती मिळेल, पुनरुत्पत्ती कशी होईल. त्यातलं एक झाड वाकडं निघालं तर ते काढून टाकतात आणि ते बरोबरच असतं. वृक्षनिगेत तेच वाकडं झाड तुमचं गिऱ्हाईक असतं. त्याच्या एका बाजूला विजेची तार, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत, बुडाला फरशी, आणि सोसायटीतल्या आजी म्हणतात, "आमच्या सासऱ्यांनी लावलंय, हात लावायचा नाही."

> तपासा: मुलाला किंवा मुलीला विचारा, पाच वर्षांनी सकाळी आठ वाजता तू कुठे उभा असशील? दोरावर, नर्सरीत, प्रयोगशाळेत की ऑफिसात? उत्तर आलं नाही तर पुढची पायरी आधी करा.

२. चार दिवस झाडाखाली काढा

मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालू असते. नगर निगमच्या उद्यान विभागाची गाडी आणि माणसं कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर असतातच. शिवाय सोसायट्यांची खासगी कामं असतात. परवानगी मागून, लांब उभं राहून चार सकाळी पाहा. चहा पाजलात तर माणसं भरभरून बोलतात.

माझा भाचा बारावीच्या आधीच्या मेमध्ये माझ्याबरोबर आला होता. लोकमान्य नगरातला एक कडुनिंब, मांडीएवढी जाड फांदी गच्चीवर टेकलेली. मी त्याला आधी फांदीचं बूड हाताने चाचपायला लावलं. फांदी जिथे खोडातून निघते तिथे सालीची एक फुगीर वळी असते, बांगडीसारखी. झाड जखम भरून काढतं ते याच वळीतून. ती कापली तर जखम नीट मिटत नाही आणि कूज आत शिरते. वळी सोडून हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज पुन्हा आतच जाते. म्हणून काप तीन. पहिला खोडापासून हातभर दूर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. इथे फांदी तुटून पडते, आणि खालचा काप आधी दिलेला असल्याने साल खोडापर्यंत सोलत येत नाही. तिसरा काप राहिलेल्या खुंटाचा, वळीच्या अगदी बाहेर. भाचा म्हणाला, "मामा, वर गेरू-चुना नाही लावायचा?" नाही लावायचा. नीट दिलेला काप उघडाच ठेवायचा, जखमेवरच्या लेपाने कूज थांबत नाही.

तीन तास तो मान वर करून उभा होता, डोळ्यांत भुसा, मानेला कळ. दुसऱ्या दिवशी सहा वाजता माझ्या आधी तयार! त्याच्या वर्गातला एक मित्रही आला होता. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. दोघांचंही चार वर्षांचं काम एका दिवसात झालं.

> सावध: या चार दिवसांत चढायचं नाही, करवतीला हात लावायचा नाही. तोडल्या जाणाऱ्या फांदीच्या लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त अंतरावर उभं राहायचं. तारेजवळचं काम असेल तर त्याहून लांब.

३. पदव्यांची नावं उलगडून बघा

आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांत "वृक्षनिगा" नावाची चार वर्षांची पदवी शोधत बसू नका. जे आहे त्यातून जवळचं निवडायचं असतं.

बीएस्सी ऑनर्स फॉरेस्ट्री ही सगळ्यात जवळची. झाडांची ओळख, लाकडाची अंतर्रचना, झाडांचे रोग, किडी, बियाणं, मोजमाप हे सगळं यात येतं. मध्य प्रदेशात ती जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात आहे. बाहेर दापोली, अकोला, नवसारी, तमिळनाडूतलं मेट्टुपलायम, केरळातलं वेल्लानिक्करा, हिमाचलातलं सोलन ही नावं लक्षात ठेवा.

बीएस्सी ऑनर्स हॉर्टिकल्चर. लागवड, झाडाला वळण देणं, छाटणी, शोभेची झाडं, बागेची आखणी. छाटणी शिकवतात, पण बरीचशी फळझाडांची. पेरूची छाटणी फळ वाढवायला करतात, पिंपळाची धोका कमी करायला. हात तोच चालतो, डोकं वेगळं लागतं. आपल्याला जवळचं कॉलेज म्हणजे मंदसौरचं.

बीएस्सी ऑनर्स अ‍ॅग्रीकल्चर. इंदूरचं कृषी महाविद्यालय ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाखाली येतं. घराजवळ, नाव जुनं, म्हणून सगळे इथेच धावतात. पदवी चांगली आहे, पण ती पिकांची पदवी आहे. माती, कीड, रोग यांचा पाया पक्का होतो, झाडं मात्र तोंडी लावायला. किती, ते पुढच्या पायरीत मोजून दाखवतो.

बीएस्सी बॉटनी. होळकर सायन्स कॉलेजसारख्या ठिकाणी. संशोधनाकडे जायचं असेल तर उत्तम, दोरावर लटकायचं असेल तर स्वतःची सोय स्वतः करावी लागेल.

आयटीआयचे एक वर्षाचे ट्रेड, हॉर्टिकल्चर किंवा फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग. आपल्या मराठी घरांत आयटीआय म्हटलं की चेहरे पडतात. मला वाटतं, ज्याला हाताचं कामच करायचंय आणि जो पुस्तकांना कंटाळलाय त्याने चार वर्षं घालवण्यापेक्षा एक वर्ष इथे आणि तीन वर्षं चांगल्या ठेकेदाराकडे काढावीत.

दोन नावांपासून जपून. भोपाळची भारतीय वन प्रबंधन संस्था ही व्यवस्थापनाची संस्था आहे आणि तिथला प्रवेश पदवीनंतरचा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले एमएस्सीही पदवीनंतरचेच. बारावीनंतर तिथे अर्ज करायला निघालेले लोक मी पाहिलेत.

४. अभ्यासक्रम वाचा, क्रेडिट मोजा

ही पायरी कुणीच करत नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या.

कॉलेजचं माहितीपत्रक बाजूला ठेवा, त्यात हिरवळीवर हसणारी मुलं असतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विषयवार अभ्यासक्रम उतरवून घ्या. प्रत्येक विषयापुढे २(१+१) किंवा ३(२+१) असं लिहिलेलं असतं. बाहेरचा आकडा एकूण क्रेडिट, म्हणजे त्या विषयाचं अभ्यासक्रमातलं वजन. कंसातला पहिला आकडा आठवड्याला किती तास व्याख्यान, दुसरा प्रात्यक्षिकाचे क्रेडिट. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्यातून सहसा दोन तास.

आता उदाहरण करून बघू. आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, पाचव्या अधिष्ठाता समितीने (डीन्स कमिटीने) आखलेल्या अ‍ॅग्रीकल्चरच्या अभ्यासक्रमात वनशास्त्राची ओळख करून देणारा विषय २(१+१) आहे. सत्र सोळा आठवड्यांचं धरा. प्रात्यक्षिक झालं सोळा गुणिले दोन, म्हणजे बत्तीस तास. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर चार दिवस. आमच्या भाच्याने ते चार दिवस मे महिन्यात फुकटात केले होते. अभ्यासक्रम आता सहाव्या समितीच्या शिफारशींप्रमाणे बदलताहेत, त्यामुळे तुमच्या वर्षाला लागू असलेलाच कागद घ्या, सीनियरचा जुना नको.

कागद हातात आला की तीन रंगांच्या पेन्सिली घ्या.

हिरवी: थेट झाडांचे विषय. डेंड्रॉलॉजी (झाडांची ओळख), सिल्व्हिकल्चर (वनांची लागवड आणि जोपासना), वुड अ‍ॅनाटॉमी, झाडांचे रोग, झाडांवरच्या किडी, अर्बन फॉरेस्ट्री (शहरातल्या झाडांचा विषय), लँडस्केपिंग.
निळी: पाया. मृदाशास्त्र, वनस्पती शरीरक्रियाशास्त्र, सर्वेक्षण.
करडी: बाकी सगळं.

मग हिरव्याचे फक्त प्रात्यक्षिक क्रेडिट जोडा. दोन कॉलेजांमध्ये निवड करायची असेल तर याच आकड्यांची तुलना करा, एकूण क्रेडिटची नको. शेवटच्या वर्षातला कार्यानुभवही बघा. अ‍ॅग्रीकल्चरमध्ये तो खेडेगावात, शेतकऱ्यांकडे असतो, फॉरेस्ट्रीत वन विभाग, रोपवाटिका, लाकूड उद्योग अशा ठिकाणी.

> नेहमीची चूक: "अर्बन फॉरेस्ट्री आहे ना, मग झालं." तो विषय ऐच्छिक असेल आणि शिकवणारं माणूसच नसेल तर तो फक्त कागदावर असतो. गेल्या दोन वर्षांत तो प्रत्यक्षात घेतला गेला का, हे विचारा.

५. कॉलेज स्वतःच्या डोळ्यांनी बघा

शनिवारी जाऊ नका, मंगळवारी-बुधवारी जा. प्राचार्यांना भेटायची घाई नको. आधी हत्यारांची खोली दाखवा म्हणा.

एका कॉलेजात, नाव सांगत नाही, आम्हाला मोठ्या अभिमानाने कपाट उघडून दाखवलं. सहा हेल्मेट, दोन हार्नेस (चढणाऱ्याला बांधायचे पट्टे), दोराचं एक भेंडोळं. हेल्मेटच्या आतल्या पट्टीवर किमतीचं स्टिकर तसंच होतं आणि दोराच्या गाठीवरची कारखान्यातली प्लास्टिकची पट्टी सुटलेली नव्हती. भाच्याने विचारलं, "सर, शेवटचं कधी वापरलं?" सर म्हणाले, "इन्स्पेक्शनच्या वेळी काढतो ना." आम्ही आभार मानले, कँटीनमध्ये पोहे खाल्ले आणि परत आलो.

कँटीन ही जागा मात्र सोडू नका. तिसऱ्या वर्षाची मुलं तिथे खरं बोलतात. त्यांना विचारा:

- स्वतःच्या हाताने शेवटचं झाड कधी छाटलं?
- प्रात्यक्षिकात काम करता, की एक जण करतो आणि तीस जण वही लिहितात?
- आवारातल्या मोठ्या झाडांची नोंदवही आहे का?
- मागच्या वर्षीचे पास झालेले कुठे लागले? "बँकेच्या परीक्षेची तयारी" हे उत्तर फार वेळा आलं तर समजून घ्या.

आवारातून चक्कर मारताना खोडांची बुडं बघा. खोडाला चिकटवून सिमेंट ओतलंय का, फलक खिळ्यांनी ठोकलेत का, शेंडे सरसकट उडवलेत का. जे कॉलेज स्वतःच्या झाडांची शेंडेछाट करतं ते तुमच्या मुलाला दुसरं काय शिकवणार?

माळव्यात काम करायचं असेल तर आपल्या काळ्या मातीचाही विचार हवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी तडकते, आणि उथळ मुळांच्या झाडाचे हाल करते. दापोलीच्या जांभ्या मातीत शिकलेलं इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. म्हणून तिकडे जाऊ नका असं नाही. सुट्टीत इथलं काम पाहत राहा एवढंच.

६. मान्यता आणि परीक्षा: इथे तारखा चुकतात

आधी मान्यता. कॉलेज खासगी असेल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता दाखवतात आणि पालक निवांत होतात. कृषी शाखेसाठी आयसीएआरचं अधिस्वीकरण वेगळं असतं. ते नसेल तर पुढे कृषी विद्यापीठात एमएस्सीला जाताना अडचण येऊ शकते. यादी आयसीएआरच्या संकेतस्थळावर बघा, अधिस्वीकरण कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कधीपर्यंत आहे तेही बघा. कॉलेजच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र पुरेसं नाही.

मग परीक्षा. दोन दरवाजे आहेत आणि दोन्ही ठोठवायचे.

पहिला पॅट, म्हणजे मध्य प्रदेशची कृषी पूर्वपरीक्षा. ती कर्मचारी निवड मंडळ घेतं, ज्याला आपण अजूनही व्यापमंच म्हणतो. राज्यातल्या विद्यापीठांच्या जागा यातून.

दुसरा सीयूईटी, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची देशपातळीवरची सामाईक परीक्षा. राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठांत आयसीएआरच्या कोट्यातल्या जागा 2023 पासून सीयूईटीच्या गुणांवर भरतात. दापोली-अकोला हवं असेल तर तुमच्यासाठी हाच रस्ता. घरात मराठी बोलतो, आजोळ सातारचं आहे, याला तिथे काही किंमत नाही. महाराष्ट्राच्या कोट्याला तिथलं अधिवास प्रमाणपत्र लागतं आणि आपण मध्य प्रदेशचे मूल निवासी.

तीन ठिकाणी घात होतो. एक, सीयूईटीचा फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागे निघतो आणि "बोर्ड होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्यांची तारीख जाते. दोन, सीयूईटीत विषय निवडताना आयसीएआरने सांगितलेला विषयगट घेतला नाही तर गुण असूनही उपयोग नाही. तीन, निकाल लागला की आयसीएआरच्या काउन्सेलिंगची नोंदणी वेगळी करावी लागते, आपोआप काही होत नाही. या तिसऱ्या कारणाने हातची जागा गेलेली मुलगी आमच्या गल्लीत आहे.

> तपासा, डिसेंबरमध्येच: मूल निवासी प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, आधारवरचं आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का. मराठी घरांत वडिलांचं नाव मध्ये असतं, एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि पडताळणीत तिथेच गाडी अडते.

७. पसंतीक्रम भरताना

चौथ्या पायरीचे आकडे समोर ठेवा आणि त्याच क्रमाने भरा. "मिळणारच नाही" म्हणून वरचं नाव गाळू नका, वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. जिथे खरंच जायचं नाही ते नाव यादीत ठेवू नका. लॉक करायच्या आदल्या रात्री छापून काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या.

इंदूरला अ‍ॅग्रीकल्चर की जबलपूरला फॉरेस्ट्री, असा पेच हमखास येतो. काम पहिलं किंवा दुसरं असेल तर जबलपूर, घर सुटलं तरी. काम चौथं असेल तर इंदूरही चालेल, एमएस्सीला वळता येतं. पाचवं असेल, म्हणजे भारतीय वन सेवा, तर दोन्ही चालतात, कारण त्या परीक्षेला कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी किंवा वनस्पतिशास्त्रासारख्या ठरावीक विज्ञान विषयातली पदवी लागते. जाहिरातीत तुमच्या पदवीचं नाव शब्दशः आहे का, तेवढं वाचा.

८. कॉलेज देणार नाही ते पहिल्या वर्षापासून जमवा

चढणं कॉलेजात शिकवतील या भरवशावर राहू नका. दोर, गाठी आणि हार्नेसची सवय एखाद्या गिर्यारोहण शिबिरातून करून घ्या, आणि करवत घेऊन झाडावर चढणं मात्र अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच. गिर्यारोहकाच्या दोराला करवतीची भीती नसते, आपल्या असते.

कायदा वाचा. मध्य प्रदेश वृक्षांचे परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम 2001 मुळे शहरात वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगीचा अर्ज, पंचनामा, तपासणीचा अहवाल हे सगळं हिंदीत होतं. दुसऱ्या प्रकारचं काम करणाऱ्याची अर्धी कमाई हा अहवाल लिहिण्यात आहे, तेव्हा दर महिन्याला एका झाडाचा एक पानी अहवाल लिहून बघा: जात, छातीच्या उंचीवरचा घेर, कल, पोकळी, बुरशी, आजूबाजूला काय आहे, शिफारस काय.

आणि नोंदवही. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेच्या आर्बोरिस्ट (वृक्षनिगा तज्ज्ञ) परीक्षेला बसायला तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. वनशास्त्र, उद्यानविद्या यांसारख्या विषयातली चार वर्षांची पदवी असेल तर एक वर्षाचा पुरतो. अ‍ॅग्रीकल्चरवाल्यांनी आणि एकूणच इथल्या पदवीवाल्यांनी आपली पदवी त्यात धरतात का, हे संस्थेला आधी लिहून विचारावं. अनुभव म्हणजे छाटणी, लागवड, रोगनिदान, आधाराचे केबल बांधणं, चढणं यांचा. ज्याच्याकडे काम केलं त्याचं पत्र त्याच महिन्यात लिहून घ्या. ठेकेदार फोन बदलतात, धंदा बदलतात, आणि तीन वर्षांनी "हो, हा पोरगा माझ्याकडे होता" म्हणायला कुणी सापडत नाही.

भाच्याच्या वहीत पहिलं पान लोकमान्य नगरच्या त्या कडुनिंबाचं आहे. तारीख, फांदीची जाडी, तीन कापांचं वाकडंतिकडं चित्र. मागच्या दिवाळीत तो जबलपूरहून आला तेव्हा आम्ही दोघं जाऊन बघून आलो. चारही बाजूंनी नवी साल चढलीय, मधे रुपयाएवढं लाकूड उघडं राहिलंय. त्याने तेही वहीत लिहिलं.